जर्मनीची कोरडी रेड वाईन आणि तिच्याबरोबरचं ताट

श्टुटगार्टला राहणाऱ्या एका मराठी जोडप्याचा प्रश्न आहे. ऑफिसातल्या वरिष्ठांनी त्यांना रेड वाईनची बाटली भेट दिली. तिच्यावर ‘श्पेटबुर्गुंडर’ आणि खाली लहान अक्षरात ‘ट्रोकन’ लिहिलेलं आहे. आता त्याच वरिष्ठांना त्यांनी सपत्नीक जेवायला बोलावलंय. या जोडप्यात नवरा सगळं खातो, बायको शाकाहारी. ट्रोकन म्हणजे कोरडी, तर मग ती तुरट लागणार का? रंग फारच फिका दिसतो, म्हणजे ती हलक्या प्रतीची आहे का? आणि तिच्याबरोबर वाढायचं काय?

मी गेली सतरा वर्षं फ्रायबुर्गमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये वाईनचं काम बघते. तळघरातल्या बाटल्या, रोजचा मेन्यू आणि समोरचं गिऱ्हाईक या तिघांचं जमवून देणं हा माझा धंदा. श्पेटबुर्गुंडर आमच्या भागातलीच, रोजच्या हाताखालची, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ‘ट्रोकन’चं बघू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. ट्रोकन म्हणजे कोरडा हे खरं, पण बाटलीवरचा हा शब्द फक्त साखरेबद्दल बोलतो. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. यीस्टने खाऊन झाल्यावर मागे जी साखर राहते, तिच्यावरून वाईन कोरडी की गोड ते ठरतं. कायद्याप्रमाणे लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर असली की ट्रोकन लिहिता येतं. वाईनमध्ये आम्ल चांगलं असेल तर ही मर्यादा 9 ग्रॅमपर्यंत जाते. अट एवढीच की साखर आम्लापेक्षा 2 ग्रॅमहून जास्त वर जायला नको. म्हणजे आम्ल 7 ग्रॅम असेल तर साखर 9 चालते, आम्ल 5 असेल तर 7 वरच थांबायचं. चांगल्या श्पेटबुर्गुंडरमध्ये ती बहुतेक वेळा एक-दोन ग्रॅमच असते. त्याच्या वर ‘हाल्बट्रोकन’ म्हणजे अर्धकोरडी आणि मग ‘लीबलिश’ म्हणजे उघड गोडसर. ‘फाइनहेर्ब’ असाही शब्द दिसेल. त्याची कायद्यात व्याख्या नाही, ज्याने त्याने आपापल्या अंदाजाने लावलेला असतो, पण थोडी साखर आहे एवढं नक्की समजावं.

आपल्याकडे कोरडी म्हटलं की तोंड कोरडं पाडणारी असा अर्थ मनात येतो. जांभळं खाल्ली की जीभ जड होते, गालाची आतली बाजू दातांना चिकटल्यासारखी वाटते. कच्च्या सुपारीचंही तसंच. तो तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन द्राक्षाच्या सालीतून, बीतून आणि लाकडी पिंपातून येतं, त्याचा साखरेशी काही संबंध नाही. गोड वाईनही तुरट असू शकते आणि पूर्ण कोरडी वाईन घशाखाली अगदी मऊ उतरू शकते. श्पेटबुर्गुंडर या दुसऱ्या जातीची. द्राक्षाची साल पातळ, त्यामुळे रंग कमी आणि तुरटपणाही कमी. तुमच्या बाटलीचा फिका रंग हा या द्राक्षाचा स्वभाव आहे. त्यात पाणी नाही आणि कमअस्सलपणाही नाही. पेल्यापलीकडचं वर्तमानपत्र अंधुक वाचता येईल इतक्या फिक्या रंगाच्या कितीतरी बाटल्या मी पन्नास-साठ युरोंना विकल्या आहेत, आणि त्या तेवढ्या पैशांच्या होत्या.

साखर नेमकी किती ते बघायचं असेल तर मागच्या लेबलवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे 8 डिसेंबर 2023 नंतर तयार झालेल्या वाईनला पोषणाची माहिती द्यावी लागते, आणि बहुतेक उत्पादक ती कोडमागे देतात. आकडा 100 मिलिलिटरचा असतो, त्याला दहाने गुणलं की लिटरचा हिशेब निघतो.

श्पेटबुर्गुंडर म्हणजे फ्रान्सचं पिनो न्वार द्राक्षच. ‘श्पेट’ म्हणजे उशिरा, ‘बुर्गुंडर’ म्हणजे फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताचा. याचाच लवकर पिकणारा एक भाऊबंद आहे, त्याला फ्र्यूबुर्गुंडर म्हणतात. पिनो न्वारच्या लागवडीत फ्रान्स आणि अमेरिकेनंतर जर्मनीचाच नंबर लागतो, सुमारे साडेअकरा हजार हेक्टर. जर्मनी म्हणजे रीसलिंग, म्हणजे व्हाईट, असं मानणाऱ्यांना हे पटत नाही. पण हे द्राक्ष इथलं जुनं आहे. बोडेनझे तलावाकाठच्या बोडमान गावात सम्राट तिसऱ्या कार्लने 884 साली ते लावून घेतलं असं परंपरेने सांगतात. पुढे सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी ते ऱ्हाइनकाठी वाढवलं. फ्रायबुर्गच्या उत्तरेला माल्टरडिंगेन नावाचं गाव आहे. तिथल्या वेलींचा इतका बोलबाला झाला की ‘माल्टरडिंगर’ हे या द्राक्षाचंच एक नाव होऊन बसलं.

नावलौकिक मात्र मध्यंतरी गेला होता. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इथली बरीचशी रेड पातळ, थोडी गोडसर आणि विसरून जावी अशी असायची. भरघोस पीक देणारे वेल निवडलेले, थंड हवेत द्राक्ष पुरतं पिकायचं नाही, आणि ती उणीव साखरेने झाकली जायची. 1980 च्या दशकात काही हट्टी माणसांनी हे बदललं. आर नदीच्या खोऱ्यात वेर्नर नेकेल यांनी शिक्षकी पेशा सोडून घरची द्राक्षं हातात घेतली. माल्टरडिंगेनला बेर्नहार्ड हूबर 1987 मध्ये सहकारी संघातून बाहेर पडून स्वतःची वाईन करायला लागले. एका वेलीवर कमी घड ठेवायचे, बर्गंडीतले लहान घडांचे वेल आणायचे, ओकच्या छोट्या पिंपांत मुरवायचं, साखर उरू द्यायची नाही, असा तो मार्ग. हूबर 2014 मध्ये गेले, आता मुलगा काम बघतो. हवामान तापत गेलं त्यानेही द्राक्ष पिकायला मदत झाली, हेही सांगायला हवं. आज उन्हाळा इतका कडक होतो की वडिलांच्या पिढीला पिकण्याची काळजी होती आणि मुलांच्या पिढीला आम्ल टिकवण्याची आहे.

आता तुमची बाटली कुठली ते लेबलवर बघा, कारण जेवणाचं बरंचसं त्यावर ठरतं.

‘बाडेन’ लिहिलं असेल तर ती आमच्याकडची. देशातली चाळीस टक्क्यांहून जास्त श्पेटबुर्गुंडर इथे होते. फ्रायबुर्गच्या वायव्येला काइझरश्टूल हा मृत ज्वालामुखी आहे. खाली सह्याद्रीसारखा ज्वालामुखीचा काळा दगड, वर वाऱ्याने आणून टाकलेल्या पिवळसर लोएस मातीचे थर, आणि उन्हाळ्यात अंगाची लाही करणारं ऊन. इथली वाईन भरदार, पिकलेल्या चेरीच्या चवीची, अल्कोहोल 13 ते 13.5 टक्के.

‘आर’ लिहिलं असेल तर बाटली बॉनच्या दक्षिणेच्या एका अरुंद खोऱ्यातली. खोरं इतकं उत्तरेला आहे की तिथे रेड होऊ नये असं वाटतं, पण उभ्या उतारावरचा काळा स्लेट दगड दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब वेलींना देतो. एकूण लागवड साडेपाचशे हेक्टरच्या आसपास, बहुतेक सगळी लाल द्राक्षांची. माइशोस गावचा द्राक्षबागायतदारांचा सहकारी संघ 1868 चा आहे, जगातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. 14 जुलै 2021 च्या रात्री या खोऱ्यात पूर आला. 130 हून अधिक माणसं गेली, तळघरं छतापर्यंत बुडाली. चिखलात सापडलेल्या बाटल्या न धुता ‘फ्लूटवाइन’, म्हणजे पुराची वाईन, या नावाने मदतनिधीसाठी विकल्या गेल्या. त्यातली एक माझ्या घरी आहे, अजून चिखलासकट. ती उघडायची माझी इच्छा नाही. आरच्या वाईनला स्लेटचा एक थंड, धुरकट वास असतो आणि आंबटपणा जरा जास्त टोकदार.

ऱ्हाइनगाऊतलं असमान्सहाउझेन गाव जुन्या नावाजलेल्यांपैकी, तिथल्या वाईनमध्ये कडू बदामाची झाक शोधतात. फ्रांकेनमध्ये ब्युर्गश्टाट आणि क्लिंगेनबेर्गच्या लाल वालुकाश्मावर फार नाजूक, सुगंधी वाईन होते. फाल्त्स आणि ऱ्हाइनहेस्सेनमध्ये दोन्ही तऱ्हा मिळतात.

लेबलवर द्राक्षाचं नाव असेल तर निदान 85 टक्के द्राक्ष तेच असावं लागतं. कॅप्सूलवर, म्हणजे बुचावरच्या आवरणावर, द्राक्षाचा घड छातीशी धरलेला गरुड असेल तर ती ‘फाउडेपे’ (VDP) या वाईन-उत्पादकांच्या संघटनेच्या सदस्याची. ही संघटना 1910 पासूनची आहे, आणि तिची उतरंड सोपी आहे. गुट्सवाइन ही घरची रोजची, ओर्ट्सवाइन गावाच्या नावाची, मग एर्स्टे लागे, म्हणजे पहिल्या दर्जाच्या जमिनीची, आणि सगळ्यात वर उत्तम जमिनीच्या तुकड्यातली कोरडी ग्रोसेस गेवेक्स, तिच्या बाटलीवर ‘जीजी’ अशी खूण. माझा सल्ला विचाराल तर जेवणासाठी ओर्ट्सवाइन घ्या. पंधरा-वीस युरोंत मिळते, आजच पिण्याजोगी असते आणि जेवणावर कुरघोडी करत नाही. भेट मिळालेली बाटली जीजी असली आणि दोन-तीनच वर्षांची असली, तर ती तासभर आधी रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून ठेवा. एरवी त्याची गरज नाही. जुनी असेल तर मुळीच ओतू नका, तिचा वास पंधरा-वीस मिनिटांत उडून जातो.

श्पेटबुर्गुंडरशिवाय दोन नावं तुम्हाला श्टुटगार्टात सतत दिसतील. लेम्बेर्गर ही व्युर्टेम्बेर्गची खास, ऑस्ट्रियात तिलाच ब्लाउफ्रेंकिश म्हणतात. रंग गडद, मिरीची चव, तुरटपणा श्पेटबुर्गुंडरपेक्षा जास्त. ट्रोलिंगर अगदी हलकी, फिकी, तुमच्याकडची स्वाबियन माणसं ती कान असलेल्या पाव लिटरच्या पेल्यातून पितात. आणि सुपरमार्केटच्या खालच्या फळीवर डोर्नफेल्डर असते. हे द्राक्ष 1955 मध्ये वाइन्सबेर्गच्या संस्थेत आउगुस्ट हेरोल्ड यांनी संकरातून तयार केलं, मुख्यतः रंगासाठी. काही उत्पादक ती मेहनतीने कोरडी आणि चांगली करतात, पण स्वस्तातल्या बहुतेक बाटल्या लीबलिश असतात. गडद रंग बघून भारी समजून घेऊ नका, आधी ट्रोकन शब्द शोधा.

आता ताटाकडे. लाल मांसाला रेड, माशाला व्हाईट हे सूत्र पहिल्या वर्षी मीही पाठ केलं होतं. ते मोडलं एका जेवणात. चार पाहुणे, चौघांनी झाउअरब्राटन मागवलं होतं. हा गोमांसाचा तुकडा व्हिनेगर आणि मसाल्यात कित्येक दिवस मुरवून मंद शिजवतात. मी त्यांना आमच्या यादीतली चांगली, ओकमध्ये मुरलेली श्पेटबुर्गुंडर सुचवली. पहिल्या घोटाला सगळे खूष होते. जेवण संपलं तेव्हा चारही पेले अर्धे भरलेले. आत जाऊन मी सॉस चाखला. त्या दिवशीच्या शेफने तो ऱ्हाइनलंडच्या पद्धतीने केला होता, बेदाणे आणि बिटाचा काकवीसारखा पाक घालून. एवढ्या गोडानंतर कोरडी वाईन पोटात गेली की नुसतं आंबट पाणी आणि लाकूड लागतं. मांस बरोबर होतं, वाईनही बरोबर होती, मी रस्सा चाखला नव्हता. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच वाजता मी स्वयंपाकघरात जाते आणि प्रत्येक सॉसचा एक चमचा चाखते. मांस कुठलं आहे हे मी त्यानंतर विचारते.

हे तुम्ही घरी करून बघू शकता. दर नोव्हेंबरात, 11 तारखेच्या सेंट मार्टिनच्या सणाला जर्मनीत हंस भाजतात, बरोबर बटाट्याचे क्न्योडल, म्हणजे उकडलेले गोळे, आणि रोटकोल, म्हणजे लाल कोबी. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना मी या ताटावरच शिकवते. आधी वाईनचा एक घोट. चेरी, ओल्या पानांचा वास, जिभेच्या कडांना पाणी सुटतं. मग हंसाच्या मांसाचा एक तुकडा, कुरकुरीत कातड्यासकट, आणि लगेच घोट. जिभेवरची चरबी धुऊन निघते, पुढचा तुकडा पुन्हा पहिल्यासारखा लागतो, आणि वाईन मघापेक्षा गोड भासते. आता एक चमचा कोबी, सफरचंद, साखर, लवंग घातलेला, आणि पुन्हा घोट. वाईन एकदम बारीक होते, चेरी नाहीशी होते, आंबटपणा तेवढा उरतो. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात, कारण पेल्यात काही बदललेलं नसतं. मग शेफला सांगायचं की कोबीतली साखर निम्मी कर आणि व्हिनेगर एक चमचा वाढव. तोच कोबी त्याच वाईनबरोबर छान जातो.

यामागचं कारण साधं आहे. गोड खाल्ल्यावर आंबट जास्त आंबट लागतं. पेढा खाऊन ताक प्यायलेल्या कुणालाही हे माहीत आहे. उलट ताटात मीठ आणि आंबट असलं की वाईन मऊ आणि फळाळ लागते. म्हणून कोरड्या रेडबरोबर ताट किंचित खारट-आंबट बाजूला झुकलेलं असावं, गोड बाजूला कधी नको. दुसरी गोष्ट तिखटाची. मिरचीची आग आणि अल्कोहोल एकमेकांना वाढवतात, त्यात टॅनिन आलं तर जीभ सोलल्यासारखी होते. तिसरी गोष्ट भाजण्याची. खरपूस कडा, परतलेला कांदा, धुरावर सुकवलेलं मांस, भाजलेले मशरूम हे सगळे पदार्थ श्पेटबुर्गुंडरच्या घरचे आहेत. ती मुरत जाते तसा तिच्यात जंगलातल्या ओल्या मातीचा, पालापाचोळ्याचा वास येतो, आणि मशरूमला नेमका तोच वास आहे.

जर्मन ताटात मला सगळ्यात आवडणारी जोडी हरणाची, म्हणजे रेहची. त्याचं मांस मऊ, बिनचरबीचं, जंगलाच्या वासाचं. सॉस मिरी आणि जुनिपरच्या फळांचा, वर थोडे फिफरलिंग मशरूम. ताटाच्या कडेला प्राइझलबेअर या लाल आंबट बेरीचा मुरंबा देतात, तो गोड असतो. मी पाहुण्यांना सांगते, तो काट्याच्या टोकावर घ्या, सॉसात कालवू नका. रानडुकराला बाडेनची भरदार बाटली लागते. बदकाच्या छातीला आरची. आमच्या बाडेनचं शॉयफेले, म्हणजे डुकराच्या खांद्याचं धुरावलेलं मांस आणि बटाट्याची सॅलड, त्याला महागडी बाटली वाया जाते, साधी गुट्सवाइन थोडी गार करून द्यावी. श्वार्त्सवाल्डचं धुरावलेलं हॅम आणि राईचा पाव असेल तरी तीच. तुमच्याकडच्या त्स्वीबेलरोस्टब्राटनला, म्हणजे वर तळलेला कांदा घातलेल्या गोमांसाला, मात्र मी लेम्बेर्गरच देईन. कांद्याची खरपूस चव आणि मिरीची चव एकमेकींना ओळखतात.

माशाचं काय, हेही विचारतात. तुरटपणा कमी असल्यामुळे सॅल्मन किंवा ट्राउट तव्यावर भाजलेली असेल आणि बरोबर मशरूम किंवा मसूर असेल तर हलकी श्पेटबुर्गुंडर बिनधास्त द्या. बांगडा-हेरिंगसारख्या तेलकट माशाला नको. रेडमधलं लोह आणि माशाचं तेल मिळून तोंडात गंजलेल्या पत्र्यासारखी चव येते. वसंतातल्या पांढऱ्या श्पारगेललाही, म्हणजे अ‍ॅस्परॅगसलाही, नको.

शाकाहारी ताटाची लोक उगाच धास्ती घेतात. पिनो न्वार ही शाकाहाऱ्यांची सगळ्यात जवळची रेड आहे. लोण्यात परतलेले मशरूम आणि सेमलक्न्योडल, म्हणजे शिळ्या पावाचे उकडलेले गोळे, हे माझं स्वतःचं ऑक्टोबरातलं जेवण. केझेश्पेत्सले, चीज घातलेल्या शेवयांसारखा प्रकार, वर तळलेला कांदा. स्वाबियन लिन्झन मिट श्पेत्सले सॉसेज न घालता करा. ती मसूरच आहे, वर व्हिनेगरची धार, खारट-आंबट तोल तयारच. चीजमध्ये जुनं बेर्गकेझे किंवा कोंते घ्या. निळं चीज नको, आणि फार पिकलेलं वास मारणारंही नको.

पाहुण्यांना मराठी जेवण वाढायचं असेल तर त्यातही वाट निघते, फक्त मेन्यू वाईनकडे बघून लावा. तांबडा रस्सा, ठेचा, कोल्हापुरी सुकं मटण यांच्या वाटेला या बाटलीने जाऊ नये. त्या जेवणाला बियर द्या किंवा थोडी साखर असलेली रीसलिंग. भरल्या वांग्यात गूळ टाकता ना, तो त्या दिवशी गाळा आणि चिंचेऐवजी कोकम दोनच घाला, मग ती भाजी जमते. शेंगदाणा-तिळाचा खरपूसपणा वाईनला फार मानवतो. अख्खा मसूर कमी तिखट करून छान जातो. काळ्या मसाल्यात भाजलेलं खोबरं आणि दगडफूल असतं, तो धुरकट वास लेम्बेर्गरला शोभतो, मिरची मात्र हात राखून. पांढऱ्या रश्श्याबद्दल मला शंका होती. गेल्या हिवाळ्यात घरी मटणाचा केला, मिरी थोडी, नारळाचं दूध पातळ, आणि आरची ओर्ट्सवाइन उघडली. नारळाचा गोडवा आड येईल वाटलं होतं, पण मटणाच्या पाण्यातलं मीठ आणि मिरीने तोल सांभाळला. आम्ही बाटली संपवली. लोणचं आणि पापडातला हिंग-मिरची ताटाबाहेर ठेवा, वाटीत लांब.

वाढण्याबद्दल एकच गोष्ट मनावर घ्या, ती तापमानाची. ‘रेड खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला जुन्या थंड दगडी घरांमधला आहे. तुमच्या हीटर लावलेल्या खोलीत 22-23 अंश असतात. त्याला श्पेटबुर्गुंडर ढिली पडते, अल्कोहोल नाकात चढतं आणि फळ दबतं. तिला 14 ते 16 अंश हवेत. बाटली जेवणाआधी एक-दीड तास फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर काढा आणि उघडा. पेल्यात ती आपोआप दोन अंश वर येते. पेला पोटाला फुगीर, तोंडाला निमुळता, आणि तो तिसरा हिस्साच भरा.

तुमच्या त्या शनिवारच्या जेवणाचा मेन्यू मी असा लावीन. सुरुवातीला मशरूम लसणीवर चांगले खरपूस परतून पावावर, वर थोडी मिरी. हे चौघांना चालतं आणि बाटली इथेच उघडायची. पुढे मसूर, श्टुटगार्टातच आहात तर श्पेत्सलेबरोबर, व्हिनेगर चाखत चाखत घालून. मांस खाणाऱ्यांसाठी बदकाची छाती, कातडं खाली ठेवून मंद आचेवर चरबी वितळू द्यायची, सॉसमध्ये मध किंवा संत्रं घालायचं नाही. बरोबर लाल कोबी न देता बीट भाजून, मीठ आणि लिंबू लावून. गोड पदार्थ येईपर्यंत रेड संपलेली असावी. शेवयांच्या खिरीशेजारी ती ठेवू नका. चौघांना एक बाटली म्हणजे प्रत्येकी दीड पेला होतो, म्हणून दुसरी आणून ठेवा.

ती दुसरी कुठून आणायची? तुमच्या आसपासच्या द्राक्षगावांत ‘बेझनविर्टशाफ्ट’ असतात. द्राक्षबागायतदार वर्षातून काही महिनेच आपल्या घरात चाळीसेक माणसांची सोय करून स्वतःची वाईन आणि घरचं जेवण देतात, आणि चालू असल्याची खूण म्हणून दाराला केरसुणी टांगतात. एखाद्या रविवारी दोघं जा. ब्राकेनहाइमकडे गेलात तर चांगलं, लेम्बेर्गरचं ते मोठं गाव, पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष थेओडोर हॉइस यांचा जन्मही तिथलाच. एक लेम्बेर्गर, एक श्पेटबुर्गुंडर, दोन्ही ट्रोकन, आणि समोर मसूर असं मागवा. एक घोट, एक घास, परत घोट. कुठली बाटली शनिवारी टेबलावर यायला हवी ते तुमच्या जिभेला तिथेच कळेल. देणाऱ्या घरच्या बाईंना विचारा, की तुम्ही ही कशाबरोबर पिता. मला आजवर मिळालेली उत्तम उत्तरं याच प्रश्नाला मिळाली आहेत.